नवरी धुरकट, पार्लरवाली साफ

१७ फेब्रुवारी, सोमवार

रामप्रसादराव आले अन् पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला. चहा विचारला तर म्हणले, चहा राहू द्या, आधी माझी पोरगी दाखवा कुठंय ती.

लावला कॉम्प्युटरला. मंगलाष्टकाचे फोटो. पोरगी स्टेजवर आहे, शालू आहे, मुंडावळ्या आहेत— तोंड न्हाई! पिठाच्या गिरणीत उभी केल्यावाणी सगळी धुरकट. अन् तिच्या बाजूला, जराशी पुढं, पार्लरवाली दैवशाला, हातात पिनांचा डबा. ती अशी साफ, की नाकातल्या चमकीचा खडा खरा का खोटा ते बी सांगता येईल.

एखादा फोटो असता तर समजू शकले असते. अख्खं मंगलाष्टक तसंच. वरमाला बी तशीच. रामप्रसादराव मोंढ्यात आडत चालवणारे, आवाज बी मोंढ्याचाच. म्हणले, मच्छिंद्र, तुला पोरीच्या लग्नाला बोलावलं होतं का पार्लरच्या जाहिरातीला? आता काय लग्न पुन्हा लावू?

रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. आमचे हे खाली मान घालून लेन्स पुसत बसले. म्हणले, कॅमेऱ्यात फॉल्ट आलाय.

१८ फेब्रुवारी

कॅमेरा, कॅमेरा, कॅमेरा. जेवताना बी कॅमेराच. चटणी समजून बोटावर मीठ घेतलं अन् चाटलं. लक्ष कुठंय माणसाचं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

जालन्याच्या लॅबचा आदिनाथ अल्बम घेऊन आल्ता. हुशार माणूस, पण पाय घासत चालतो. ह्यांनी त्याच्या हातात कॅमेरा दिला अन् पान खायला म्हणून बाहेर निघून गेले. आयुष्यात पान खाल्लं न्हाई कधी!

आदिनाथनं कॅमेरा उलटापालटा केला, दुकानातलेच दोन-चार फोटो काढले. काचेसारखे. म्हणला, काकू, कॅमेरा बिलकुल चांगला आहे. मंग आपल्या लॅपटॉपवरनं एक प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरात टाकून दिला. त्यात फोटो उघडला की फोटोवर एक लाल चौकोन येतो. फोटो काढताना फोकस जिथं धरला, बराबर तिथं. कॅमेरा ते आतल्या आत टिपून ठेवतो म्हणे, आपल्याला दिसत न्हाई एवढंच. व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो चालत न्हाई, कार्डातलाच लागतो.

म्हणलं, टाक रामप्रसादरावची पोरगी.

टाकली. लाल चौकोन दैवशालाच्या गालावर.

दुसरा टाकला. तिच्या खांद्यावर. तिसरा गळ्यावर.

म्हणलं, हे आपोआप होतं का रे? तर म्हणला, "न्हाई काकू. काका जुन्या पद्धतीनं एकच चौकोन ठेवतात. मागच्या बटनानं तो सरकवावा लागतो. हातानं सरकवल्याबिगर मधून हलत न्हाई तो."

हातानं!

त्याला दुसऱ्यांदा चहा पाजला अन् सगळं शिकून घेतलं. कुठं दाबायचं, पुढचा फोटो कसा आणायचा, मोठा कसा करायचा. माउस मला येतो. चौथी शिकले म्हणून काय झालं, ह्या दुकानातलं झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट सगळं माझ्याच हातचं. ही डायरी बी लॅबवाल्यांनीच दिलेली. दरसाल कोरी रद्दीत जायची. औंदा भरंल वाटतं.

२१ फेब्रुवारी

हे बाहेर होते तेवढ्यात दिवाळीनंतरची लग्नं उघडली. दैवशाला असलेलेच फोटो बघितले. बाकीचे कशाला बघू?

कार्यालयाच्या स्टेजला पायऱ्या डाव्या अंगाला. ही बाई दर लग्नात त्या पायऱ्यांवर उभी, नवरीच्या जरा पुढं, पदर सरकला की पळत जायला. अन् चौकोन बराबर जाऊन तिच्यावर बसलेला. गुळावर माशी बसावी तसा. त्या लग्नांत नवरी जराशीच धुरकट, म्हणून कुणी बोललं न्हाई.

एका फोटोत ती जांभई देऊन राह्यली. त्याच्यावर बी चौकोन! जांभईत काय बघायचं असतं?

२३ फेब्रुवारी, रविवार

आता सगळं जुळून राह्यलं.

लग्न झाल्यापासून ह्या माणसानं घरच्या आरशात दाढी केली. दिवाळीपासून न्हाव्याकडं जातो. मी म्हणलं होतं, काय लाटसाहेब झालात का? तर म्हणले, हात कापतो.

काळा गॉगल घेतला. भर दुपारी बाजारातून हिरोवाणी चालतो. म्हणले, ऊन टोचतं.

मोटरसायकल दारात धूळ खाऊन राह्यली. लग्नाला जायचं तर काळी-पिवळी जीपमधी, माणसात माणूस कोंबून. म्हणले, कंबर दुखती. अन् दैवशाला कशानं जाती लग्नाला? काळी-पिवळीनं!

मोबाइलवर मेसेज आला की मला वाचायला देतात. म्हंजे मला वाटावं, ह्यांच्यापाशी लपवायसारखं काहीच न्हाई. काय डोकं आहे!

दैवशालाला नवऱ्यानं सोडलेलं. बसस्टँडच्या मागं किरायाच्या खोलीत पार्लर टाकलंय, एक आरसा अन् एक खुर्ची. लग्नाचा सीझन आला की हे फोटोला अन् ती नवरी सजवायला, अशी जोडीच झाली होती गावात. ह्यांना भाऊ म्हणती. मला वहिनी. मीच गिऱ्हाईक लावून दिलं तिला, सुरुवातीला. माझ्याच चुलीवर माझेच हात भाजून घेणं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. भगर केली, दाण्याची आमटी केली. ह्यांचं ताट दुकानात नेलं अन् ह्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. दैवशालाचा फोटो पडदाभर मोठा केला.

म्हणलं, बघा. कोण आहे हे?

मान वाकडी करून बघत राह्यले. म्हणले, कोण आहे?

बघा ढोंग! कपाळावरची टिकली रुपयाएवढी दिसून राह्यली, अन् विचारतो कोण आहे. म्हणलं, तुमची दैवशाला. हा लाल चौकोन तुमचा. हातानं सरकवलेला. आदिनाथनं सांगितलं मला सगळं.

तव्हा तोंड उतरलं. जेवण तसंच राह्यलं. ताटाच्या काठावरून बोट फिरवत बसले. मी म्हणलं, एकदा तोंडानं न्हाई म्हणा, मी हा प्रोग्राम बंद करते, पुन्हा उघडायची न्हाई. म्हादेवाची शप्पथ.

मंदिराचा भोंगा चालू होता.

म्हणले, "तुला दिसलं ना? मंग तसंच असंल."

ताट उचललं अन् गाईपुढं ठेवलं. उपासाच्या दिवशी. लागू दे पाप.

१ मार्च, शनिवार

रामप्रसादराव पुन्हा आले, संगं भाऊबंद घेऊन. म्हणले, आज शटर खाली ओढूनच जाणार. गावात पुन्हा कुणाचा फोटो काढू देणार न्हाई तुला. हे नुसते काउंटर धरून उभे राह्यले.

मंग मीच कॉम्प्युटर चालू केला. दाखवला चौकोन. म्हणलं, भाऊसाहेब, कॅमेऱ्यात फॉल्ट न्हाई. माणसाचं लक्ष बाईत होतं. तुमचा अल्बम गेला, माझा तर संसार गेला.

मला वाटलं आता मारतील ह्यांना. मारलं असतं तर मी मधी पडले नसते.

रामप्रसादराव पडद्याकडं बघत राह्यले, मंग ह्यांच्याकडं. अन् हसायला लागले! पोट धरून. "हात्तिच्या! ह्या वयात? अरे मच्छिंद्र, मधूनमधून आमची पोरगी तरी बघायची!" भाऊबंद बी हसले. एकानं पाठीवर थाप मारली, एकानं डोळा मारला. सगळा राग पाण्यात. चहा बी प्याले. म्हणले, पोरगी माहेरी आली की शालू नेसवून पुन्हा चार पोझ काढून दे. अन् पुतण्याचं लग्न आहे राजूरला गणपतीच्या दारात, अक्षय तृतीयेच्या आधीच्या शनिवारी. ते बी तूच कर. फक्त पार्लरवाली आमची राहील.

पुन्हा हसले सगळे.

अन् हे बी हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. जिवावरचं टळल्यावाणी.

निर्लज्ज.

४ मार्च

मोरीत पाय घसरून पडले. बरं झालं.

५ मार्च, बुधवार

त्या लग्नातल्या फोटोतला दैवशालाचा तेवढा तुकडा कापला, मोठा करून प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं अन् घरातल्या आरशाशेजारी चिकटवला. ह्यांच्या बरोब्बर तोंडासमोर येईल असा. म्हणलं घ्या, बघा पोटभर.

हे आरशापुढं आले. भांग पाडला. गालावरून हात फिरवला. गेले.

एक शब्द न्हाई!

७ मार्च

आज बी तसंच. तिच्याकडं तोंड करून भांग पाडतो अन् पापणी हालत न्हाई. एवढा थंड माणूस असंल असं वाटलं न्हवतं. मी मागं उभी राहून भांडी आपटली. तरी न्हाई.

झुंबरबाई पाणी न्यायला आल्ती, तिनं मात्र लगेच बघितला. तोंडाला पदर लावून म्हणली, "तुळजे, सवत भिंतीवर लावलीस का?" झुंबरबाई शेजारची, बांगड्या भरती. गावातल्या सगळ्या मनगटांना तिचा हात लागतो. तिला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. आता गावात मला कुणाला काही सांगावं लागायचं न्हाई.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. बचत गटाच्या बाया ग्रुप फोटोला येणार होत्या, सगळ्या सारख्या गुलाबी साड्या. ह्यांना परतूरला कामाला लावून दिलं. अन् दैवशालाला फोन केला. गोड बोलले. म्हणलं ताई, फोटोच्या आधी बायांची केसं जरा नीट करून द्याल का? आली बिचारी पळत, डबा घेऊन. "वहिनी, तुम्ही बोलावलं अन् मी न्हाई म्हणीन का?"

तिनं एकीची वेणी घालायला घेतली. तव्हा मी कॉम्प्युटर बायांकडं फिरवला.

म्हणलं, बाया हो, आज महिला दिन आहे तर एक नवीन शिकून जा. हे मशीन नवऱ्याचं ध्यान कुठं असतं ते दाखवतं. अन् एकेक फोटो आणत गेले. चौकोन गालावर. चौकोन खांद्यावर. चौकोन गळ्यावर. जांभईचा आला तव्हा बाया फुटल्याच हसून. कुणीतरी म्हणली, असं मशीन घरोघरी पाहिजे बाई! दुसरी म्हणली, आमच्या घरी आणलं तर मशीनच गरगरंल.

दैवशाला म्हणली, "वहिनी, हे काय आहे?"

म्हणलं, तुम्हीच सांगा ताई. तुम्ही तर फोटोत आहात. नवरी न्हाई.

हसणं थांबलं. जिची वेणी चालू होती ती उठायला लागली. दैवशालानं तिला खांद्याला धरून बसवलं, वेणी पुरी केली, शेवटाला रबर लावलं, गजरा माळला. डबा बंद केला. गेली.

ते मला आवडलं न्हाई. रडायला पाहिजे होती.

ग्रुप फोटो मीच काढला. चांगला आला.

१३ मार्च, होळी

आरशाजवळचा फोटो काढून होळीत टाकला. त्याला काहीच फरक पडत न्हाई तर ठेवून काय करू! लॅमिनेशन जळत न्हाई, वितळतं. घाण वास सुटला.

हे म्हणले, कशाचा वास आहे?

म्हणलं, तुमच्या फोटोचा. आरशाजवळचा.

म्हणले, कोणता फोटो?

एवढं खोटं बोलताना जीभ कशी झडत न्हाई!

१५ मार्च, शनिवार

दैवशाला मागच्या दारानं आली. मी धुणं धुऊन राह्यले होते, उठले न्हाई. ती उभीच.

म्हणली, मी राखी बांधलीय त्यांना. म्हणलं, राखी कुणाबी मनगटाला बसती. म्हणली, मी पायऱ्यांवर उभी असते कारण मला नवरीचा पदर सांभाळायचा असतो. त्यांनी कुठं बघितलं यात माझा काय गुन्हा?

हे बराबर बोलली. तिचा गुन्हा न्हाई हे मला बी कळतं. पण नवऱ्याला किती आपटणार? त्याला काही लागतच न्हाई. हिला लागतं.

म्हणली, लोक दारावरून जाताना खाकरतात. बुकिंग करून गेलेल्या बाया फोन उचलत न्हाईत. मंग एकदम जवळ आली अन् म्हणली, "भाऊंना एकदा माझ्यासमोर विचारा. माझ्या तोंडाकडं बघून सांगू द्या त्यांना. ते जे म्हणतील ते मला कबूल."

म्हणलं, तेवढंच राह्यलंय आता, तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून तोंडं बघायला लावायची.

अन् बादली उचलून धुण्याचं पाणी तिच्या पायावर सोडून दिलं. मागं सरली. चप्पल भिजली तिची.

१९ मार्च

दैवशालाची लग्नं गेली. जालन्याहून दुसरी पार्लरवाली बोलावून राह्यलेत लोक. महाग पडती पण इज्जतीची, असं झुंबरबाई सांगत होती.

आमची बुकिंगं चालूच आहेत. उलट वाढली. माणसं येतात, ह्यांना कोपर मारतात, म्हणतात, काय मच्छिंद्रराव, आमच्याकडं लक्ष राहू द्या जरा! हे हसतात.

२४ मार्च, सोमवार

दैवशालाची घरमालकीण भाजी घेताना भेटली. मी काही बोलले न्हाई बाई. एवढंच विचारलं, तुमच्या घरात दोन तरणी पोरं आहेत न्हाई?

पालक न घेताच गेली.

३० मार्च, पाडवा

गुढी मीच उभारली. ह्यांच्या हातातनं तांब्या निसटला, काठीवर बसवता येईना. म्हणलं, सोडा, तुमचं मन कुठं उभारलंय ते माहीत आहे.

संध्याचा फोन. पोरगी पुण्याला सासरी, तिला इथलं काही सांगितलं न्हवतं, पण कळालंच. रडत होती. म्हणली आई, बाबा असे न्हाईत गं. मंग म्हणली, त्यांची शुगर कधी तपासली होती? शेवटची कधी?

म्हणलं, शुगर न्हाई ती, मस्ती आहे.

३ एप्रिल

गॉगल लपवून ठेवला. अंगणात डोळ्यावर हात धरून उभे राह्यले. बैलावाणी. दोन वेळा म्हणले, तुळजा, बघितलास का. मी चहा पीत होते. न्हाई बघितला म्हणलं. गॉगल माझ्या मांडीवर.

६ एप्रिल, रविवार

काल लोणीकडच्या रस्त्याला लग्न होतं. दैवशाला न्हवती. पार्लरवाली दुसरीच, जाडी. मी ह्यांना जीपपर्यंत सोडायला गेले, नीट बसतात का कुणाकडं जातात बघायला. जीपवर पाटी लावलेली ढळढळीत, तरी ड्रायव्हरला विचारतात, ही कुठली गाडी? बावळटाचं सोंग बी चांगलं जमतं.

आज कार्ड लावलं अन् प्रोग्राम उघडला. म्हणलं, आता कुणावर बसलाय बघू.

कुणावरच न्हाई! मंडपाच्या खांबावर. डाव्या अंगाला जिथं ती उभी राहायची तिथं मंडपाचा खांब, निळं कापड गुंडाळलेला. त्याच्यावर चौकोन! नवरी पुन्हा धुरकट. एका फोटोत रिकाम्या खुर्चीवर.

म्हंजे ती नसली तरी तिची जागा बघतो. खांबात बी तीच दिसती ह्याला. हे वाचलं— म्हंजे बघितलं— तव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. माझ्या जागेकडं कधी असं बघितलं न्हाई माणसानं. मी मेले तर माझ्या रिकाम्या पाटाकडं बघंल का?

न्हाई बघणार.

मंग डोळे पुसले अन् आदिनाथला फोन केला, नवरी साफ करून दे म्हणलं. म्हणला, काकू, थोडी होईल, पूर्ण न्हाई व्हायची.

११ एप्रिल

घरमालकिणीनं खोली खाली करायला सांगितली. पार्लरची पाटी उतरवली म्हणे. आरसा झुंबरबाईनं स्वस्तात घेतला.

मी बघायला गेले न्हाई. एवढी बी वाईट न्हाई मी.

२३ एप्रिल, बुधवार

दैवशाला आज घनसावंगीला चालली, भावाकडं. सामान स्टँडवर नेऊन ठेवलं, असं सकाळीच कळालं.

मी लॅमिनेशनला बसले होते. मशीनमधी कुणाचं तरी कार्ड अडकल्तं, दोन्ही हात गुंतलेले. हे काउंटरवर. वर बघितलं तर दुकानात दैवशाला उभी.

केस विंचरलेले न्हाईत. डोक्यावर पदर. दुसऱ्यांच्या पोरी सजवणारी बाई, अशी उभी. ह्यांच्या अगदी समोर, मधी फक्त काउंटर. मला वाटलं आता शिव्या देती. द्यायला आलीच होती बहुतेक. ओठ हालले पण आवाज फुटला न्हाई. मंग नुसती बघत राह्यली ह्यांच्या तोंडाकडं, बघू काय म्हणतो हा माणूस.

ह्यांनी मान जराशी वळवली. तिच्या कानापलीकडं बघत म्हणले, "या मावशी. पासपोर्ट का?"

माझे हात मशीनवर तसेच.

हे म्हणले, बसा त्या स्टुलावर, पदर जरा मागं घ्या, बँकेला द्यायचा का रेशनला? गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. दैवशालानं माझ्याकडं बघितलं. मंग खरंच जाऊन बसली, निळ्या पडद्यापुढं.

पासपोर्ट मी काढते, बारक्या कॅमेऱ्यानं. ह्यांनी दिवाळीपासून पासपोर्टला हात लावलेला न्हाई. आज माझे हात गुंतलेले बघून की काय, मोठा कॅमेरा उचलला. म्हणले, हनुवटी खाली, मावशी. डोळे मिटू नका.

तिनं डोळे मिटले न्हाईत. गालावरून पाणी गळून राह्यलं होतं अन् हा माणूस तिला म्हणतो, छान, हालू नका.

काढला. हे कार्ड काढायला खाली वाकले. ती उठून माझ्यापाशी आली. म्हणली, "वहिनी, ह्यांना दिसत न्हाई."

मी म्हणलं, "तुमची गाडी सुटंल."

गेली.

मी ह्यांना म्हणलं, वा! काय सोंग केलंत! मावशी म्हणे! नाटकात पाहिजे होते तुम्ही.

हे म्हणले, "का? कोण होती?"

२४ एप्रिल, गुरुवार

कार्ड लावलं. दैवशालाचं तोंड धुरकट. चौकोन मागच्या पडद्यावर, डाव्या कडेला.

मंग ती नसलेले फोटो उघडले. बारसं, साखरपुडा, कुणाची तरी म्हैस. सगळ्यात तिथंच. डाव्या कडेला. भिंतीवर, खांबावर, म्हशीच्या दाव्यावर.

ह्यांना विचारलं, दिसत न्हाई हे कव्हापासून? म्हणले, दिवाळीपासून. मधी नुसता काळा डाग. चौकोन मधी ठेवला तर चौकोनच दिसत न्हाई, डाव्या कडेला जरा दिसतं. तिथं जे दिसंल त्याला नवरी समजून बटन दाबतो.

म्हणलं, मंग त्या बाईचं नाव का घेऊ दिलंत?

म्हणले, "बाईवर लोकांनी हसून सोडलं, तुळजा. डोळे गेले म्हणलं असतं तर लग्नात कुणी उभं केलं असतं?"

झुंबरबाईनं दारातून विचारलं, गेली का गं ती?

म्हणलं, गेली.

परवा राजूरचं लग्न. मी संगं जाते. ह्यांच्या कानाशी उभी राहून सांगीन, नवरी कुठंय.

प्रोग्राम काढून टाकला.